घडीचा फोन आणि रांजणगावचा धडा

फोल्डेबल फोन घ्यावा का, हा प्रश्न हल्ली ऑफिसात सारखा निघतो. उत्तरासाठी सोलला जायला नको, नगर रोडवरचं रांजणगाव पुरे.

शिरूर तालुक्यातल्या या एमआयडीसीत एलजीचा कारखाना २००४ च्या सुमारास आला. फ्रीज, वॉशिंग मशीनच्या जोडीला तिथे जीएसएम मोबाईलही बनू लागले. तेव्हा घडीचा फोन म्हणजे फ्लिप. मोटोरोलाचा रेझर आठवतोय ना? त्या घडीचा हिशोब सरळ होता: फोन खिशात लहान होतो, कीपॅड झाकला जातो, आणि बोलणं संपलं की खटकन बंद! पुढे २००७ ला आयफोन आला, सगळा फोन म्हणजे एक काच झाली, आणि काच काही दुमडत नाही. घडी गेली.

ती परत आली २०१९ ला, सॅमसंगच्या फोल्डमधून. भारतात किंमत १,६४,९९९ रुपये. एलजीने दुसऱ्या वाटा धरल्या. २०२० ला फिरत्या स्क्रीनचा विंग आणला, जानेवारी २०२१ मध्ये गुंडाळणारा रोलेबल दाखवला, आणि एप्रिलमध्ये मोबाईलचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जवळपास सहा वर्षांचा तोटा, साडेचार अब्ज डॉलरच्या घरात. गंमत अशी की विद्या कमी नव्हती. लेनोवोच्या घडीच्या लॅपटॉपचा पडदा एलजीच्याच भावंड कंपनीचा होता. रांजणगावात फ्रीज आणि वॉशिंग मशीन मात्र आजही बनतात. नवलाईपेक्षा रोजची गरज जास्त टिकली.

आता उपयोगाचं बोलू. दौंडहून रोज गाडीने पुण्याला येणाऱ्याला प्रवासात एक्सेल उघडायचं असेल, तर मोठा पडदा खरंच कामाचा. पण त्याच दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळवाल्याचा खिसा बघा: धूळ, राख, उसाचा चिकट हात. २०२४ च्या झेड फोल्ड ६ चं रेटिंग आयपी ४८ आहे. म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठा कण अडेल, बारीक धूळ बिजागरीत जाऊ शकते. पूर्ण धूळरोधक म्हणजे आयपी ६८ फोल्ड गूगलने आणला तो २०२५ ला.

इतकं होऊनही जगात शंभर स्मार्टफोनमागे घडीचे जेमतेम एक-दोन विकले जातात. जुन्या फ्लिपची घडी फोन स्वस्तात लहान करायची, नवी घडी पडदा महागात मोठा करते. हा फरक मिटेपर्यंत बाजार शहरातच राहील, असं मला वाटतं.

असो. घ्यायचाच असेल तर आधी आतला पडदा बदलायचा खर्च विचारा, मग कॅमेऱ्याचं बघू.