मावशीची जादू

नातीने दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं आणि म्हणाली, "आजी, हॅरी पॉटर तुला आवडला नव्हता ना? मग हे वाचून बघ. यात पण जादूगारांची शाळा आहे, पण ही आधीची." मी म्हटलं, बघू या. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, शेजारी डिक्शनरी लागते. पण दोन महिन्यांत चार भाग वाचून झाले. आज त्याबद्दलच लिहिते आहे.

लेखिकेचं नाव उर्सुला ले ग्विन. जन्म १९२९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा, मृत्यू २०१८ साली. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ. त्यामुळे निरनिराळ्या लोकांच्या चालीरीती, भाषा, दंतकथा यांच्याच गप्पा घरात चालत असणार. १९६७ साली बर्कलीच्याच एका छोट्या प्रकाशकाने त्यांना थोड्या मोठ्या मुलांसाठी एक पुस्तक लिहायला सांगितलं. त्याआधी त्यांनी मुलांसाठी म्हणून असं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. गोष्टीतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे असतात. पण ते कधीतरी पोरसवदा असतीलच की! तेव्हा ते जादू शिकले कुठे? त्यातून १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' तयार झालं. हॅरी पॉटरचा पहिला भाग आला १९९७ साली, म्हणजे २९ वर्षांनंतर.

अर्थसी म्हणजे शेकडो बेटांचं जग. नायक गेड हा डोंगराळ बेटावरचा, शेळ्या राखणारा, आईविना वाढलेला मुलगा. रंगाने तांबूस-काळसर! त्या काळच्या अशा पुस्तकांत नायक गोराच असायचा, ले ग्विनबाईंनी तो मुद्दाम तसा केला नाही. पुढे २००४ साली टीव्हीवर मालिका आली, तिच्यात गेडला गोरा केला, तेव्हा बाईंनी जाहीर लेख लिहून निषेध केला.

मला शिक्षिका म्हणून आवडलं ते हे, की यात मोठी लढाई नाही, दुष्ट राजा नाही. हुशार मुलगा शाळेत गर्वाने फुगतो, दुसऱ्या मुलाला दाखवून द्यायला म्हणून नको ती विद्या वापरतो आणि त्यातून एक काळी सावली मोकळी सुटते. ती सावली त्याच्या मागे लागते. शेवटी तोच वळून तिचा पाठलाग करतो, आणि तिचं नाव काय निघतं, तर त्याचंच! आपल्या चुकीला आपलं नाव द्यायचं, हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना इतक्या सोप्या रीतीने सांगितलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पण एक गोष्ट खटकली. गेडला जादूचे पहिले शब्द शिकवते त्याची मावशी, गावातली चेटकीण. आणि पुस्तकात तिची किंमत काय? बायकांच्या जादूला हिणवणारी एक म्हणच त्या बेटावर आहे. खरी विद्या रोक बेटावरच्या शाळेत, आणि तिथे फक्त मुलगे. दुसऱ्या भागात (१९७१) टेनार नावाची मुलगी नायिका आहे खरी, पण तिसऱ्यात (१९७२) पुन्हा पुरुषच. एका बाईने लिहिलेल्या पुस्तकात असं का, म्हणून मी नातीपाशी कुरकुरले. ती म्हणाली, "आजी, चौथा वाच."

चौथा भाग 'तेहानू' आला १९९० साली, तब्बल १८ वर्षांनी. आता टेनार मध्यमवयीन आहे, शेतकऱ्याची विधवा, शेत सांभाळते आणि भाजून विद्रूप झालेल्या एका पोरीला वाढवते. गेड आपली सगळी विद्या गमावून परत येतो आणि पुन्हा शेळ्या राखतो. जग तेच आहे, फक्त आता ते चुलीजवळून दिसतं. अनेक जुन्या वाचकांचा विरस झाला. पण १९९२ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात बाईंनी सरळ सांगितलं, की पराक्रमाच्या गोष्टी पुरुषांच्याच असतात ही परंपरा मी तपासून न पाहताच चालवली होती. जुनी पुस्तकं त्यांनी नाकारली नाहीत की बदलली नाहीत. जे राहून गेलं होतं ते पुढे लिहिलं, बस.

हे वाचून पुस्तक मिटलं आणि मला आठवीचा वर्ग आठवला. मी इतिहास शिकवत होते. मोहीम, वेढा, तह, सनावळी. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, सगळी माणसं लढाईवर गेल्यावर शेती कोण करायचं?" मी म्हटलं, "ते परीक्षेला येत नाही. बस खाली." वर्ग हसला. ती बसली, आणि पुन्हा वर्षभर तिने काही विचारलं नाही.

वाईट याचं वाटतं, की उत्तर मला ठाऊक होतं. माझी थोरली मावशी विशीत विधवा झाली आणि चाळीस वर्षं तिने एकटीने शेत केलं. गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. पाऊस कधी पडेल, कुठल्या गाईचं काय बिघडलंय, हे ती नुसतं बघून सांगायची. ती शाळेत गेली नव्हती. आणि तिच्या जिवावर बी.ए. झालेली मी, वर्गात तिचं नाव घेऊ शकले नाही. कारण ते पुस्तकात नव्हतं.

ती मुलगी आता पन्नाशीची असेल. तिला शोधून उत्तर देणं काही जमणार नाही. पण ले ग्विनबाईंनी साठीत आपली वही पुन्हा उघडली, मी पंचाहत्तरीत उघडायला काय हरकत आहे? नातीने आणून दिलेल्या दोनशेपानी वहीत मावशीबद्दल आठवेल ते लिहायला लागले आहे. सोळा पानं झाली.

नातेवाईक मंडळी, तुमच्यापैकी कोणाला मावशीचं काही आठवत असेल, तिची औषधं, तिच्या म्हणी, तिचं रागावणं, तर जरूर कळवा. बारीकसारीकही चालेल.