बक्षीस कीं हक्क? गिरणी-बोनसचा तंटा आणि पाटण खोरें

कोयनेकांठच्या पाटण महालांत जुने दप्तर धुंडाळणारास वतनपत्रें, महजर व निवाडे यांचीच अपेक्षा असते. परंतु विसाव्या शतकांत या डोंगरी मुलुखाची पुष्कळशी चाकरी मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत झाली. तिचे कागदहि इतिहासाचें साधन होत, असें आमचें मत आहे. या चाकरींतील थकलेल्या येण्याचा सर्वांत गाजलेला तंटा १९२४ चा.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांस अपार नफा झाला. १९१९ पासून मालक वार्षिक बोनस वांटूं लागले. ओळीनें वर्षें ही रक्कम हातीं पडल्यावर कामगारांनीं ती पगाराचाच भाग मानिली, यांत नवल नाहीं. पुढें १९२३ चा बोनस मिळणार नाहीं असें मालकसंघानें जाहीर केलें, आणि जानेवारी १९२४ मध्यें सुमारें दीड लाख कामगार बाहेर पडले. मुंबईच्या गिरणगांवांत रत्नागिरीच्या खालोखाल घाटावरील सातारा, पुणें या जिल्ह्यांतील माणसांचा भरणा मोठा असे. संप मार्चपर्यंत चालला.

सरकारनें हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांचे अध्यक्षतेखालीं समिती नेमिली. रिवाजानें, कायद्यानें अथवा न्यायबुद्धीनें वसूल होण्याजोगा हक्क कामगारांनीं सिद्ध केला आहे काय, हा तिजपुढील मुख्य प्रश्न. समितीनें तिन्ही अंगांनीं नकार दिला.

जुन्या निवाड्यांत भोगवट्यास केवढें वजन असे, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. चार-दोन वर्षांचा भोगवटा तेथेंहि तोकडाच ठरला असता. येथें तुलनेस राजाराम महाराजांची १६९१ ची हणमंतराव घोरपड्यांस दिलेली सनद घ्यावी. तींत सहा लक्ष होनांचें अभिवचन आहे. रायगड, विजापूर, भागानगर व औरंगाबाद हातीं आल्यावर निम्मे, आणि दिल्ली घेतल्यावर उरलेले तीन लक्ष. अट इतकी उघड कीं, दिल्ली न घेतां ते मागण्यास जागाच नाहीं. गिरणी-कामगारापाशीं अशी सनद नव्हती. होता तो केवळ दिल्याचा पायंडा. समितीचा निर्णय कायद्यास धरून असेल, तथापि ज्याच्या घरची वर्षाची बेगमी त्या रकमेवर बेतलेली, त्यास तो पटणें कठीणच होतें.

पुढें १९५० मध्यें लेबर अपेलेट ट्रायब्यूनलनें नफ्यांतून मालकाचीं ठराविक देणीं वजा जातां उरलेल्या शिलकेंत कामगाराचा वांटा मान्य केला, व १९६५ च्या कायद्यानें बोनस हें देणेंच ठरलें. त्या कायद्याचें २१ वें कलम आम्हांस विशेष लक्षणीय वाटतें. थकलेला बोनस सरकारी दाखल्यावरून कलेक्टरनें जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणें वसूल करावा, अशी त्यांत तरतूद होती. ज्या तगाद्याचें भय कुणब्यानें पिढ्यान्‌पिढ्या बाळगिलें, तोच तगादा येथें त्याच्या बाजूनें उभा राहिला!

पाटण तालुक्यांतील मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनीं संघटित केलेल्या माथाडींनीं तर निराळाच मार्ग काढिला. १९६९ च्या माथाडी कायद्यानें मजुरी व तिजवरील लेव्ही मालकानें मंडळांत भरावयाची आणि मंडळानें कामगारास द्यावयाची. बोनसचा पैसाहि त्या लेव्हींतूनच.

गिरण्यांच्या पगारचिठ्ठ्या, बोनसच्या नोटिसा, संपकाळांत मुंबईहून गांवीं आलेलीं पत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तीं रद्दींत न घालतां सन-तारखेनिशीं टिपून ठेवावीं.