इलग्राबेनची घळ

१७. इलग्राबेन : स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतात, ऱ्होन नदीच्या दक्षिण अंगाला असलेली घळ. मजकुरात तिचा उल्लेख ओझरता आला आहे. दरडींच्या अभ्यासात मात्र तिचे स्थान मोठे आहे. इलहॉर्न शिखराखालचा भेगाळलेला खडक इथे सतत सुटतो आणि घळीत साचत राहतो. जोराची सर आली की हा सगळा ढिगारा चिखल-दगडांचा लोंढा होऊन खाली धावतो. उन्हाळ्यात असे लोंढे दरवर्षी येतात, त्यामुळे अभ्यासकांना दशकभर वाट पाहावी लागत नाही.

१९६१मध्ये वरच्या अंगाला मोठा कडा कोसळला. त्यानंतर ओढ्यात एकाखाली एक असे बांध घातले गेले.

२००० सालापासून स्वित्झर्लंडची वन, हिम व भूप्रदेश संशोधन संस्था इथे मोजमाप करते. पुलाखाली पात्राच्या तळाशी ८ चौरस मीटरचा पोलादी पत्रा बसवलेला आहे. लोंढा त्यावरून जाताना, ट्रक वजनकाट्यावर चढावा तसा त्याचा भार नोंदला जातो. शिवाय तळाला घासत नेणारा जोरही कळतो. त्याच वेळी लोंढ्याची उंची मोजली, की घनता काढता येते. तोंडाशी मोठाले धोंडे आणि मागे पातळ चिखल, ही लोंढ्याची रचनाही आकड्यांत उतरते.

वरच्या बांधांवरचे जिओफोन जमिनीचा कंप टिपतात. २००७पासून त्यावर इशाऱ्याची यंत्रणा चालते : ओढा ओलांडण्याच्या जागी दिवे लुकलुकतात, भोंगा वाजतो आणि पात्रातल्या माणसांना बाहेर पडायला काही मिनिटे मिळतात. — संपा.