विजनवासांतील एक कृषिपंडित

चिंचवडास चापेकर बंधूंचें स्मारक आहे. चाकणहून शिक्रापूरची वाट धरली तर पलीकडेच विष्णु गणेश पिंगळे यांचें तळेगांव ढमढेरे लागतें. फांसावर गेलेल्यांची आठवण हा प्रदेश ठेवतो, व ती ठेवलीच पाहिजे. परंतु पिंगळ्यांचे एक सहकारी फांसापासून दूर राहिले, आणि पुढें पन्नास वर्षें जगले. त्यांचें नांव या भागांतील किती घरांत ठाऊक असेल, याची आम्हांस शंकाच आहे.

ते डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याच्या एका वकिलाचे हे चिरंजीव टिळकांच्या राजकारणानें भारून गेले आणि अमेरिकेस पोंचले. तेथें त्यांनीं शेतकीचें व लष्करी, असें दोन्ही शिक्षण घेतलें. १९१३ सालीं गदर पक्ष निघाला, त्याच्या संस्थापकांत ते होते. महायुद्ध सुरू होतांच पिंगळे स्वदेशीं परतले व १६ नोव्हेंबर १९१५ रोजीं लाहोरास फांसावर चढले. खानखोजे इराणांत टोळीवाल्यांबरोबर इंग्रजांशीं लढले. पकडले गेले, निसटलेही. १९२१ सालीं ते मॉस्कोस गेले, पण मायदेशाचें दार बंदच होतें.

शेवटीं त्यांस आसरा मिळाला तो मेक्सिकोंत. तेथें नुकतीच क्रांति होऊन कुळांस जमिनी वांटण्याचें काम चाललें होतें. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत ते प्राध्यापक झाले, मक्याच्या नव्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें, आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत कृषिशाळा काढल्या. कोणी म्हणेल, हा तर रणांगणांतून काढता पाय! आम्हांस तसें वाटत नाहीं. नुसती जमीन हातीं आल्यानें कुळाचें पोट भरत नाहीं. त्यास बियाणें लागतें, आणि तें ओळखण्याची विद्याही. दिएगो रिव्हेरा यांनीं मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर भाकरी मोडून देणारा जो पुरुष रंगविला आहे, तो खानखोजे यांचाच असें सांगतात.

स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांनीं परत येण्याची परवानगी मागितली. ती प्रथम नाकारण्यांत आली. कारण, इंग्रजांनीं घातलेली जुनी बंदी! ज्या राज्याविरुद्ध ते लढले तें गेलें, त्याचें दप्तर मात्र राहिलें. पुढें बंदी उठली, ते नागपुरास स्थायिक झाले व १९६७ च्या जानेवारींत तेथेंच वारले. चापिंगो येथें २०२२ सालीं त्यांचा पुतळा उभा राहिला. त्याच्या अनावरणास आपल्या लोकसभेचे अध्यक्ष गेले होते.