फर्दापूरची वाट आणि पाठीवरचे पाणी

अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशच्या मुलखात शिरणाऱ्या वाटेवर, पायथ्याशी वसलेल्या फर्दापुरास मोगल अमदानीत जी सराई उभी राहिली, तिच्या आश्रयास येणाऱ्या काफिल्यांची पहिली विवंचना पाण्याचीच असणार. कारण पावसाळ्यात दुथडी वाहणारी वाघूर उन्हाळ्यात क्षीण होते. जवळची अजिंठ्याची लेणी खोदणाऱ्यांनी तर पाण्याची टाकी खडकातच कोरून ठेवली होती.

वाटसरूचे पाणी मात्र चामड्यातून चाले: बैलाच्या पाठीवर दुतर्फा लोंबणारी पखाल, आणि भिस्त्याच्या कमरेशी मसक. शेळीचे कातडे सबंध सोलून, बाभळीच्या सालीत कमावून, पायांच्या जागा घट्ट बांधल्या की मानेच्या जागी मसकेचे तोंड सिद्ध होई. भिस्ती ते मुठीत आवळून हवी तेवढीच धार सोडी. कातड्यातून झिरपणारा ओलावा वाऱ्याने सुकत असल्याने भर वैशाखातही आतले पाणी गार राही, आणि हा गुण पाठीवर बांधून नळीने पाणी पिण्याच्या आजच्या प्लास्टिकच्या पिशवीत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

ती पिशवी १९८९ सालची: टेक्सासमधील एका सायकलफेरीत मायकेल आयड्सन याने सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीशी बांधली व नळी तोंडाशी घेतली. लेण्यांसमोरची टेकडी उन्हाळ्यात चढणाऱ्याने अशी पिशवी फर्दापुरातच भरून घ्यावी, आणि सराईच्या दरवाजाशी घटकाभर थांबावे.