नृत्याच्या शिकवण्या : तंजावरपासून लातूरपर्यंत

नांदेड आणि लातूर हीं आपल्या मराठवाड्यांतील शहरें शिकवण्यांविषयीं प्रसिद्ध आहेत. त्यांतून लातूरचा 'पॅटर्न' तर सबंध महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांच्या वर्गांशेजारींच अलीकडे भरतनाट्यम् आणि कथक यांचेहि वर्ग भरतात. दरमहा फी भरावयाची, घुंगरू व पोषाख विकत घ्यावयाचे, परीक्षेचें शुल्क द्यावयाचें, असा हा रीतसर व्यवहार आहे. एक नृत्य तामीळ देशांतलें, दुसरें उत्तर हिंदुस्थानांतलें. तीं आपल्या माजघरापर्यंत कोणत्या वाटेनें आलीं आणि वाटेंत कोण मागें राहिलें, हें आज सांगावयाचें आहे.

एका मुलखाच्या नृत्याची दुसऱ्या मुलखांत शिकवणी लागावी, हें नवल केवळ आपल्याकडेच घडलेलें नाहीं. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांचें 'हुला' हें नृत्य पाहा. १८२० सालीं तेथें अमेरिकन मिशनरी उतरले. त्यांस हें नृत्य अमंगळ वाटलें, आणि त्यांचा धर्म स्वीकारलेल्या काआहुमानू राणीनें १८३० सालीं जाहीर हुलास मनाई केली. पुढें कालाकाउआ राजानें १८८३ सालीं आपल्या राज्याभिषेकाच्या सोहळ्यांत तें पुन्हां मानानें आणलें. आतां जपानची हकीकत ऐका. इवाकी भागांतील कोळशाच्या खाणी डबघाईस आल्या, तेव्हां खाणीच्या कंपनीनें तेथील ऊन पाण्याच्या झऱ्यांवर १९६६ सालीं हवाईच्या थाटाचें एक विहारस्थान उघडलें आणि खाणकामगारांच्या मुलींस हुला शिकवून रंगमंचावर उभें केलें. आज जपानांत या नृत्याचे वर्ग ठिकठिकाणीं चालतात. शिकणारांची संख्या खुद्द हवाईपेक्षांहि अधिक आहे, असें म्हणतात. हवाईंतील गुरु तेथें जाऊन शिकवितात आणि विद्यादानाचा मोबदला घेतात. म्हणजे बाजारानें नृत्य पसरविलें आणि मूळच्या गुरूंच्या पदरांतहि कांहीं टाकलें. आपल्याकडे हा दुसरा भाग घडला काय?

भरतनाट्यम् आपणांस वाटतें तितकें परकें नाहीं. अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा जो क्रम आज मुलींस शिकवितात, तो तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारांत बसला. दुसरे सरफोजी महाराज (१७९८ ते १८३२) यांच्या पदरीं चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चौघे बंधु होते. ही घडी त्यांनीं घातली. स्वतः महाराजांच्या नांवावर नृत्यासाठीं केलेल्या मराठी रचना आहेत आणि अलीकडच्या काळांत आचार्य पार्वतीकुमार यांनीं त्यांचा अभ्यास करून त्या रंगमंचावर आणल्या. १८८० सालीं तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजेच पहिल्या चिमणाबाई, यांचा विवाह बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशीं झाला. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी व वादकहि बडोद्यास आले.

ही विद्या पिढ्यान् पिढ्या ज्या स्त्रियांनीं सांभाळली, त्या देवदासी. देवास मुली वाहण्याची चाल अन्यायाचीच होती. तिच्याविरुद्ध डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनीं चळवळ केली आणि १९४७ सालीं मद्रास प्रांतांत तसा कायदा झाला, हें योग्यच झालें. परंतु त्याच सुमारास नृत्य दुसऱ्या घरीं गेलें. १९३५ सालीं रुक्मिणीदेवींनीं जाहीर नृत्य केलें, १९३६ सालीं त्यांची कलाक्षेत्र ही संस्था निघाली आणि प्रतिष्ठित कुळांतील मुली नृत्य शिकूं लागल्या. बालसरस्वतींसारख्या एखाद्या कलावतीस त्या जुन्या परंपरेंतून मोठा मान मिळाला. पण बहुतेकींच्या वांट्यास विस्मृतिच आली. नृत्य अब्रूदार झालें, नर्तकी मात्र झाली नाहीं.

फी आणि प्रमाणपत्र यांची रीत रूढ करण्यांत महाराष्ट्रीयांचा हात मोठा आहे. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें आणि दरबारांत अडकलेली संगीतविद्या सामान्य गृहस्थाच्या मुलांस खुली केली. त्यांच्या शिष्यपरंपरेनें चालविलेल्या मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आज नृत्यासहि आहेत. पुण्यांत रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं 'नृत्यभारती' काढून कथकास मराठी घरांत स्थान मिळवून दिलें.

मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. तो १९४८ च्या सप्टेंबरांत मोकळा झाला. त्यानंतरहि कित्येक वर्षें आमच्याकडील पांढरपेशा घरांत नाच म्हटला कीं बैठक किंवा तमाशाचा फड एवढेंच डोळ्यांपुढें येई, आणि मुलीनें नाचावें हा विचारहि कोणी करीत नसे. होट्टल व निलंगा येथील जुन्या देवळांवर दगडी नर्तकी उभ्या होत्या, त्या आम्हीं कौतुकानें पाहत होतों. जिवंत नर्तकीस मात्र उंबऱ्याच्या आंत जागा नव्हती. ही अढी आतां सैल झाली, हें श्रेय या वर्गांचें आहे आणि तें निःसंशय मोठें आहे.

पण दोन गोष्टी मनास बोंचतात. २०१७ पासून शास्त्रीय कलेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांस दहावींत वाढीव गुण देण्याची पद्धत राज्यांत सुरू झाली. सवलत चांगली, परंतु गुणांसाठींच बांधलेले घुंगरू गुणपत्रिका हातीं पडतांच सुटतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. लावणी ही आपल्या घरची. ती कोल्हाटी व इतर समाजांतील स्त्रियांनीं उपेक्षा सोसून जतन केली. यमुनाबाई वाईकर यांस पद्मश्री मिळाली ती २०१२ सालीं, नव्वदी उलटल्यावर. शाळेच्या स्नेहसंमेलनांत आपल्या मुली नऊवारी नेसून लावणीवर नाचतात आणि आपण टाळ्या वाजवितों. पण ती अदा ज्यांच्या घरांत जन्मली, त्यांतील एखाद्या वयस्क बाईस आपण आदरानें बोलावून, योग्य फी देऊन, मुलींस शिकवावयास सांगतों काय? तामीळ देशांतील जुन्या कलावतींचे ऋण फेडण्याची वेळ बव्हंशीं निघून गेली. लावणीचे जुने हात अद्याप आपल्यांत आहेत. नांदेड-लातूरच्या वर्गचालकांनीं व पालकांनीं याचा विचार करावा, एवढीच माझी विनंती आहे.