दक्षिण महासागरातलं लोह : एका मोजमापाचा इतिहास

आज आपण अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराकडे जाणार आहोत, एका जुन्या कोड्यासाठी. या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर आहे. उन्हाळ्यात दिवसही लांबलचक. म्हणजे सूक्ष्म शैवालांचं पीक जोमानं यायला हवं. पण बऱ्याच भागात ते येतच नाही. असं का?

उत्तर खरं तर फार पूर्वी सुचलं होतं. १९३१ साली नॉर्वेचे हाकेन ग्रान यांनी शैवालांना लोह कमी पडत असावं असा विचार मांडला. १९३४ मध्ये ब्रिटनच्या 'डिस्कव्हरी' मोहिमांतले टी. जे. हार्ट यांनी दक्षिण महासागराबद्दलही ही शक्यता नोंदवली. मग पुढची पन्नास वर्षं गेली कुठे? गंमत बघा, जहाज लोखंडाचं, नमुने काढायची तारही लोखंडी. त्यामुळे मोजलं की लोह भरपूर दिसायचं. समुद्राच्या नावावर आपलाच गंज मोजला जात होता!

१९७० च्या दशकात क्लेअर पॅटर्सन यांनी समुद्रातलं शिसं मोजताना नमुने निर्मळ कसे ठेवायचे ते दाखवून दिलं. तीच शिस्त कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या प्रयोगशाळेत जॉन मार्टिन यांनी लोहासाठी वापरली. आकडे एकदम खाली आले. दक्षिण महासागराच्या पृष्ठभागावर अनेक ठिकाणी शंभर कोटी लिटर पाण्यात जेमतेम पाच-सहा ग्रॅम लोह विरघळलेलं असतं. १९९० मध्ये मार्टिन यांनी आपलं लोह-गृहीतक मांडलं : हिमयुगात वाऱ्यानं आलेल्या धुळीतून समुद्राला जास्त लोह मिळालं, शैवाल वाढलं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला.

पण इथे दुसरं कोडं उभं राहतं. प्राणवायू असलेल्या समुद्राच्या पाण्यात लोह टिकायलाच नको. ते गंजासारखं होऊन कणांना चिकटतं आणि बुडतं. मग थोडं का होईना, उरतं कसं? लोखंडी कढईत आमसुलाची आमटी केली की ती काळपट होते, हे आपण पाहिलेलं आहे. आंबटातली सेंद्रिय आम्लं लोह धरून पाण्यात उतरवतात. समुद्रातही असे धरून ठेवणारे रेणू आहेत, त्यांना लिगँड म्हणतात. काही जिवाणू ते मुद्दाम बनवतात, काही मेलेल्या जीवांच्या अवशेषांतून येतात. १९९४-९५ मध्ये ग्लेडहिल आणि व्हान डेन बर्ग, पाठोपाठ रू आणि ब्रुलँड, यांनी विद्युत-रासायनिक पद्धतीनं दाखवलं की विरघळलेलं लोह जवळजवळ सगळं, ९९ टक्क्यांहून जास्त, लिगँडच्या पकडीत असतं. ही पकड दुधारी आहे. तिच्यामुळे लोह पाण्यात राहतं, पण ती घट्ट असली तर प्रत्येक शैवालाला ते सोडवून घेता येत नाही.

१९९९ मध्ये 'सॉइरी' प्रयोगात दक्षिण महासागरात मुद्दाम लोह टाकलं गेलं. शैवाल वाढलं, आणि सुमारे सहा आठवड्यांनी उपग्रहालाही ते दिसलं. प्रयोगादरम्यान लिगँडही वाढले, आणि लोह विरघळलेलं टिकलं.

२००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी 'पोलरश्टर्न' जहाजावरून 'लोहाफेक्स' केला. नावातला 'लोहा' आपला हिंदीतलाच. पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली, जर्मन सरकारनं प्रयोग थांबवला, मग परवानगी दिली. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह टाकलं. शैवाल वाढलं, पण त्या पाण्यात सिलिकेट कमी, त्यामुळे डायाटम फारसे वाढले नाहीत. जे वाढलं ते बरंचसं छोट्या प्राणिप्लवकांनी खाऊन टाकलं. खोल समुद्रात कार्बन गेला तो अगदी थोडा.

आज हवेतला कार्बन कमी करायला समुद्रात लोह टाकू, असं म्हणणारे पुन्हा पुढे येताहेत. त्यांचा हिशेब टनांत असतो. या इतिहासातून आपण एवढं तरी घ्यावं : किती लोह टाकलं, इथे हिशेब संपत नाही. ते कुणी धरलं, कुणाला मिळालं आणि खाणाऱ्याला पुढे कुणी खाल्लं, हेही मांडावं लागतं. ते मोजायला आपण आत्ता कुठे शिकतोय.

आता प्रश्न घेऊ या.